भरवशाचं टोपणनाव

लिबान गुलेदला रस्त्यात कुणी 'लिबान' अशी हाक मारली तर तो थांबायचा नाही. आमच्या छावणीत लिबान नावाचे दोनशे तरी निघतील, आणि त्यातल्या डझनभरांच्या बापाचं नाव गुलेद. म्हणून आईबापांनी ठेवलेलं नाव कागदापुरतं आणि लोकांनी ठेवलेलं नाव रोजच्या वापराला, अशी आम्हा सोमाली लोकांची रीत. बुटक्याला बुटका म्हणायचं, तिरळ्याला तिरळा, आणि कुणी वाईट वाटून घेतलं तर त्याला त्यावरून आणखी एक नाव पडणार. लिबानचा डावा पाय लहानपणी पोलिओनं वाळला होता, म्हणून तो लंगारे. अर्थ सांगायला नको.

सतरा वर्षांपूर्वी सरहद्द ओलांडून तो केनियात, दादाबच्या छावणीत आला, तेव्हा नोंदणीच्या खिडकीतल्या कारकुनानं विचारलं, "आणखी कुठल्या नावानं ओळखतात?"

"लंगारे. आणि ते जरा नीट लिहा साहेब, नाहीतर मला कुणाला शोधता यायचं नाही."

कारकुनानं नीट लिहिलं. मग जन्मतारीख विचारली. मोठा दुष्काळ संपून पहिलं गवत उगवलं तेव्हा आपण झालो, एवढंच लिबानला आईकडून माहीत होतं. कारकुनानं गवताला एक जानेवारी ठरवून टाकलं. त्यात त्याचंही काही चुकलं नाही म्हणा, छावणीतली अर्धी माणसं त्याच्याच पेनातून एक जानेवारीला जन्मली आहेत.

पुढं लिबाननं बाजारात पत्र्याचं शिवणाचं दुकान टाकलं. उजव्या पायानं मशीन मारायचा आणि शाळेचे गणवेश शिवायचा. होदनशी लग्न झालं, दोन मुली झाल्या, इदिल आणि नासरा. कॅनडाला पाठवायच्या कुटुंबांत त्यांची फाईल घेतली त्याला सात वर्षं झाली होती. मुलाखती झाल्या, रक्त काढलं, छातीचे फोटो काढले, विनिपेगमध्ये नाक कसं गोठतं याचा वर्गसुद्धा झाला. आणि सप्टेंबरात एका सकाळी फळ्यावर विमानाची यादी लागली, तर तिच्यात त्यांच्या फाईलचा नंबर नव्हता.

लिबान तीन वेळा वरपासून खालपर्यंत वाचून आला. शेजारच्या भाजीवालीनं, जिला आम्ही सगळे 'दातपडकी' म्हणतो, विचारलं, "काय रे लंगारे, जागा भरली का विमानात? तू एका पायाची जागा कमी घेशील म्हणून सांग की त्यांना." एरवी तो हसला असता.

खरं काय ते आठवड्यानं कळलं. निर्वासितांना फुकट सल्ला देणारी केमुन्तो नावाची एक वकीलबाई नैरोबीहून यायची. केनियातल्याच किसी भागातली, तिशीची, बोलायला फटकळ पण आत काही न ठेवणारी. तिनं त्याला बाकड्यावर बसवलं आणि स्वाहिलीत सांगितलं, "न्यूयॉर्कमध्ये एक समिती आहे. पंधरा देशांची. दहशतवादी कोण त्याची ती यादी करते. यादीत नाव आलं की त्या माणसाला जगातल्या कुठल्याही देशानं आपल्या हद्दीत पाऊल टाकू द्यायचं नाही. त्या यादीत एक लिबान गुलेद आहे. उर्फ लंगारे. जन्म एक जानेवारी. चालताना लंगडतो."

लिबान हसला. त्याला वाटलं गंमतच आहे. "अहो, पण तो दुसरा असेल."

"असेलच. पण टोपणनावांचे त्यांच्याकडे दोन प्रकार असतात, भरवशाची आणि कच्ची. कच्चं असतं तर कुणी एवढं मनावर घेतलं नसतं. तुमचं भरवशाचं आहे."

क्षणभर लिबानला आपल्या नावाचा उगीचच अभिमान वाटला. मग त्यानं विचारलं, "त्याचा कुठला पाय लंगडा आहे?"

"ते लिहिलेलं नाही."

"आजोबाचं नाव?"

"तेही नाही."

"मग आपण अर्ज करू. माझा आजोबा हिर्सी. माझा डावा पाय. मी इथून सतरा वर्षांत जवळच्या गरिसा शहरापर्यंतसुद्धा गेलो नाही, पास कुणी देत नाही."

केमुन्तोनं पिशवीतून अर्ज काढला आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. तिथं छापलं होतं, 'मी, यादीत नाव असलेली व्यक्ती, नाव वगळण्याची विनंती करते.'

"ही सही तुम्ही केलीत तर तुम्ही तो आहात असं तुम्हीच लिहून दिलंत. आणि तुम्ही तो नाही म्हणालात, तर हा अर्ज तुमचा नव्हेच. कारण यादीत तुमचं नाव नाही."

"पण अडकलोय तर मीच ना?"

"हो. दुसरा रस्ता असा की तुमच्या सरकारनं लिहून द्यायचं की हा वेगळा माणूस आहे. तुमचं सरकार कुठलं?"

लिबाननं मागं वळून काटेरी कुंपणाकडे पाहिलं. सोमालियातून तो पळाला होता आणि केनियानं त्याला छावणीच्या आत ठेवलं होतं. केमुन्तोनं दोन्हीकडे पत्रं पाठवली. मोगादिशूहून पाच महिन्यांनी उत्तर आलं, की लंगारे फरार असून अत्यंत धोकादायक आहे. नैरोबीहून उत्तरच आलं नाही, फक्त त्यानंतर दर शुक्रवारी एक पोलीस दुकानात येऊन बसायला लागला. बसायचा, चहा प्यायचा आणि मशीनखाली वाकून बघायचा.

त्या पोलिसापायी गिऱ्हाईक तुटलं ते वेगळंच, पण लिबानला खरी धास्ती मुलींची होती. मुलींच्या वैद्यकीय तपासणीची मुदत जूनमध्ये संपत होती. ती संपली की सगळं पहिल्यापासून. इदिल नऊ वर्षांची झाली होती आणि छावणीच्या आमच्या हागादेर भागात मुलगी बारा-तेराची झाली की मागण्या यायला लागतात. केमुन्तोनं एक तोड सुचवली. फाईल फोडायची, म्हणजे होदन आणि मुलींची वेगळी आणि लिबानची वेगळी. त्यांनी पुढं जायचं, नाव सुटलं की त्यानं मागून जायचं.

"आणि नाव सुटलंच नाही तर?" होदननं विचारलं.

"खरा लंगारे सापडला तर सुटेल," केमुन्तो म्हणाली. "पकडलेला किंवा मेलेला. नाहीतर पंधराच्या पंधरा देशांनी हो म्हणायला हवं, आणि एकानं जरी हरकत घेतली तरी बोंबललं."

 घरी जाऊन होदननं अंजेरोचं, म्हणजे आमच्या घावनांचं, पीठ कालवलं आणि इतका वेळ कालवत राहिली की नासरानं विचारलं, "आई, झालं की गं?"

एप्रिलमध्ये होदनचे मामा शिरे दुकानात आले. सत्तरी उलटलेला, मेंदीनं दाढी लाल केलेला माणूस. सोमालियातल्या जुबा नदीकाठच्या त्यांच्या गावाहून कधीतरी येऊन छावणीत दोन-तीन महिने राहायचा आणि परत जायचा. झाडाखाली बसून तंटे सोडवणाऱ्या वडीलधाऱ्यांत त्यांचं वजन होतं. आमचे ते निवाडे कुणी लिहीत नाही. ज्यांनी ऐकले त्यांच्या डोक्यात ते राहतात, आणि तरी पन्नास वर्षांनीसुद्धा एक शब्द इकडचा तिकडे होत नाही.

पोलीस बाजूला जाईपर्यंत मामांनी चहाचे दोन कप संपवले. मग म्हणाले, "जावईबापू, तुझं तोंड बघवत नाही म्हणून सांगतो. ज्याच्यापायी तू अडकलायस तो मेला. चार वर्षं झाली."

लिबानच्या हातातली कात्री खाली पडली. "कशावरून?"

"माझ्यावरून. मी सांगतो तेवढं ऐक आणि बाकीचं विचारू नकोस. पोटात ठेव."

पोटात ठेवायला हवं होतं हे खरं. पण सात महिने ज्याला श्वास घेता आला नाही त्याला कुणी खिडकी दाखवली, तर तो दम धरेल का? मामा गेल्यागेल्या लिबाननं केमुन्तोला फोन लावला आणि बाजारात उभं राहून ओरडूनच सांगितलं, "बाई, तो मेलाय! चार वर्षं झाली!" केमुन्तोनं त्याच संध्याकाळी अर्ज पाठवला. 'यादीतील व्यक्ती मृत असल्याची विश्वसनीय माहिती आहे.' उलट टपाली कळलं, की जूनच्या तीन तारखेला नैरोबीहून एक अधिकारी येईल आणि जबाब घेईल.

फोन करून लिबान घरी आला तो जवळजवळ नाचत. होदन अंगणात कपडे वाळत घालत होती. त्यानं सगळं सांगितलं. ऐकता ऐकता ती खाली बसली, ओल्या चादरीसकट.

"तू वकीलबाईला सांगितलंस?"

"मग काय लोणचं घालू? अगं, सुटलो आपण."

"लिबान," ती म्हणाली. त्याला नावानं हाक मारणारी छावणीत ती एकटीच. "तो कुठं पुरलाय ते विचारतील ना?"

"विचारू देत. मामा सांगतील."

"मुरसलच्या तिळाच्या शेतात पुरलाय. विहिरीच्या बाजूला."

मुरसल म्हणजे तिचा धाकटा भाऊ. लिबाननं त्याला कधी पाहिलं नव्हतं, फोनवरून फक्त हसणं ऐकलं होतं. मोठं, घोड्यासारखं हसायचा तो. होदननं तुटक तुटक सांगितलं ते असं. त्या लंगाऱ्याचा हुद्दा 'त्या पोरां'मध्ये मोठा होता. त्या टोळीला आमच्याकडे कुणी नावानं म्हणत नाही, 'ती पोरं' म्हणतात. गावोगाव फिरून तो दर घरामागं एक मुलगा उचलायचा. मुरसलच्या दारात आला तेव्हा त्याला मुरसलचा अकरा वर्षांचा पोरगा हवा होता. मुरसलनं त्याला जेवायला बसवलं, आणि जेवण झाल्यावर तो उठला नाही. लंगाऱ्याच्या सख्ख्या चुलत्यांनाही तो नकोसा झाला होता. त्यांनी झाडाखाली बसून खुनाची भरपाई म्हणून रक्ताचे उंट घेतले, आणि दोन्ही घराण्यांनी कुराणावर हात ठेवून ठरवलं, की मारणारा कोण आणि पुरला कुठं हे पुन्हा कुणाच्या जिभेवर येणार नाही. त्या पोरांना वाटतं तो उत्तरेकडे गेला आणि कुठल्यातरी तुकडीत आहे.

"त्यांना कळलं तर मुरसलला मारून थांबणार नाहीत," होदन म्हणाली. "त्याला पाच मुलं आहेत."

 मग लिबानच्या ध्यानात आलं.

"तुला हे आधीपासून माहीत होतं."

"हो."

"सप्टेंबरपासून?"

"चार वर्षांपासून."

"आणि मी त्या पोलिसाला चहा पाजत बसलो! मशीनखाली वाकून बघतो तो माझ्या! लोक दुकानावरून जाताना आपल्या मुलांचे हात घट्ट धरतात. तू रोज बघत होतीस आणि गप्प?"

"ओरडू नकोस, पलीकडे ऐकू जातं."

"जाऊ दे ऐकू. तुझा भाऊ म्हणजे माणूस, आणि मी कोण?"

"तेच मला ठरवता येईना," होदन म्हणाली. "सात महिने रोज सकाळी उठून ठरवत होते. एक दिवस तू, एक दिवस तो. तू ठरव म्हणजे मी सुटते."

त्याला तिचा इतका राग आला होता की त्या दिवशी तो जेवला नाही. आणि तिचा राग करावा तरी कसा, हेही त्याला कळेना.

केमुन्तो पुढच्या खेपेला छावणीत आली तेव्हा तो तिच्याकडे गेला. आडून आडून विचारलं, की असा जबाब दिला तर तो कुठं कुठं जातो. तिनं बोटांवर मोजून सांगितलं. न्यूयॉर्कला, तिथून पंधरा देशांकडे, मोगादिशूला खातरजमा करायला, तिथून त्या भागातल्या सैनिकी ठाण्यावर. ते गावात जाऊन कबर उकरणार. मामांना त्यानं हेच सांगितलं तेव्हा मामांनी नुसती मान हलवली. "पंधरा देशांना कळलं म्हणजे त्या पोरांना कळायला सोळावा दिवस लागायचा नाही. मूर्खा, पोटात ठेव म्हटलं होतं ना तुला?"

"अर्ज मागं घेतो."

घेता आला नाही. एकदा माहिती आली की समितीला तिचा छडा लावावाच लागतो, केमुन्तो म्हणाली, आणि ती आनंदानं म्हणाली, कारण तिला वाटत होतं की तीन तारखेला काम फत्ते. "लिबान, फक्त नाव सांगा. कुणी सांगितलं तुम्हाला? तेवढं एक नाव दिलंत की दोन वर्षांत तुम्ही विनिपेगला." लिबाननं तिच्याकडे पाहिलं. एवढी भली बाई, आणि तिला सांगता काही येत नव्हतं.

मेचा अख्खा महिना असा गेला की बोलावं तर मुरसल मरतो आणि गप्प राहावं तर सैनिक गावोगाव विचारत फिरणार. 'माहीत नाही' म्हटलं तर अधिकारी म्हणणार, मग मेल्याचं कुणी सांगितलं? होदननं भावाला निरोप धाडला होता, जमेल तसा नीघ. त्याचं उत्तर आलं, तीळ काढणीला आलाय आणि धाकटीला ताप आहे, कुठं निघू? सोबत त्याचं ते हसणं. त्याला वाटलं बहीण उगीच घाबरते.

तीन तारखेच्या सकाळी होदन म्हणाली, "मी सांगते. तू काही बोलू नकोस. माझा भाऊ आहे, पाप माझ्या माथी येऊ दे. मुलींना बाप हवा."

"आधी आत तर जाऊ," लिबान म्हणाला.

पत्र्याच्या खोलीत पंखा नुसताच आवाज करत होता. अधिकारी चष्मेवाला, सभ्य, किनाऱ्याकडचा. त्यानं दोघांना पाणी दिलं. केमुन्तो शेजारी वही उघडून बसली. फाईल फोडायचा कागद आधी झाला, त्यावर लिबाननं सही केली. आता होदन आणि मुली जाणार हे पक्कं झालं. मग अधिकाऱ्यानं दुसरा कागद पुढं ओढला.

"तुमच्या वकिलांनी लिहिलंय की यादीतला माणूस मेला. हे तुम्हाला कुठून कळलं?"

होदननं तोंड उघडलं. टेबलाखाली लिबाननं तिचं मनगट धरलं, बांगडी रुतेल इतकं घट्ट.

"मी खोटं बोललो होतो," तो म्हणाला.

केमुन्तोचं पेन थांबलं.

"सुटायचं होतं म्हणून रचून सांगितलं," लिबान म्हणाला. "तो जिवंत आहे."

"कशावरून?"

"गेल्या रमजानमध्ये माझ्या दुकानात उत्तरेकडचा एक उंटवाला आला होता. त्यानं त्याला पाहिलं. म्हणाला, तब्येत चांगली आहे, जरा जाड झालाय."

"उंटवाल्याचं नाव?"

"विचारलं नाही."

अधिकाऱ्यानं सगळं लिहून घेतलं. लिहिता लिहिता त्याला थोडी दयाही आली असावी, कारण तो म्हणाला, "याचा अर्थ कळतो ना तुम्हाला? तो जिवंत असेपर्यंत यादीतलं नाव निघणार नाही. आणि तुम्ही एकदा खोटी माहिती दिलीत, तेव्हा तुमचा पुढचा अर्ज कुणी उघडूनही बघणार नाही."

"कळतो."

बाहेर आल्यावर केमुन्तो त्याच्यावर उखडलीच. "मी माझं नाव पणाला लावलं होतं तुमच्यासाठी! तुम्हाला सुटायचंच नाही का?" तो उभा राहून ऐकत होता. बोलता बोलता तिचं लक्ष होदनकडे गेलं. होदन भिंतीला धरून उभी होती आणि रडत होती, आवाज न करता.  केमुन्तो हुशार बाई होती, तिला काय समजलं ते तिलाच ठाऊक. वही मिटून ती गाडीत बसली आणि त्यानंतर तिनं कधी त्याला काही विचारलं नाही.

 घराच्या दारात होदन म्हणाली, "मुरसलला हे कधी कळणारसुद्धा नाही."

"न कळू दे. हसत राहू दे त्याला."

"आणि मी तिथं जाऊन काय करू?"

"मुलींना शाळेत घाल," लिबान म्हणाला. त्याला आणखी बोलायचं होतं, की मला तुझ्याशिवाय दिवस काढता येणार नाहीत, मला भीती वाटते. ते त्यानं त्या दिवशी नाही, पण पुढं एकदा सांगितलं, आणि दोघं खूप रडले.

जूनच्या वीस तारखेला सकाळी दहाला बस आली. नवे बूट, गळ्यात निळ्या पिशव्या, सगळीकडे धूळ आणि रडारड. दातपडकीनं मुलींना उकडलेली अंडी बांधून दिली. मामा शिरे काठीवर हनुवटी टेकवून लांब उभे होते, ते जवळ आले नाहीत.

नासरा लगेच खिडकीत जाऊन बसली. इदिल मात्र पायरीवर अडून राहिली. मागचे लोक ढकलत होते, होदन तिला आत ओढत होती.

"बाबा, तुम्ही कधी येणार? खरं सांगा."

लिबान खाली वाकला. मुलीशी खोटं बोलायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं.

"एक माणूस आहे इदिल, वाईट माणूस. माझ्याच नावाचा. तो मेला की मी येतो."

इदिलनं जरा विचार केला. मग त्याच्या गळ्यात हात टाकून, बसमधल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मग लंगारे लवकर मरू दे. मी रोज नमाजात मागीन."

"माग," लिबान म्हणाला, आणि होदननं काही म्हणायच्या आत तिला उचलून बसमध्ये ठेवलं.